श्रावण सरताना गळ टाकण्यापूर्वी: गोव्याची बेटे, भरतीचे गणित आणि चोणकाचा हंगाम

३१ जुलैच्या मध्यरात्री यांत्रिक मासेमारीवरील ६१ दिवसांची बंदी संपते. मालीम, वास्को, शापोरा आणि कुटबण येथील धक्क्यांवर पुन्हा इंजिनांचा आवाज घुमू लागतो, बर्फाच्या गाड्यांची ये-जा वाढते आणि बाजारातील भावांची चर्चा घराघरांत सुरू होते. मात्र समुद्र सरकारी तारखेनुसार शांत होत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कित्येकदा वारा इतका जोराचा असतो की, ट्रॉलर धक्क्यालाच बांधून ठेवावे लागतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याची प्रथा याच अनुभवातून आलेली आहे. पावसाळ्याचा पहिला भर ओसरला, आता होडी लोटायचा विचार करता येईल, असा तिचा व्यावहारिक अर्थ.

या दिवसांत आणखी एक मासेमारी जोर धरते. ती गळाची. नदीच्या मुखावरील खडक, जुन्या जेटी, पुलांखालचे काठ आणि बेटांच्या आडोशाच्या जागा येथे गळ घेऊन उभी असलेली माणसे पहाटे आणि तिन्हीसांजेला दिसतात. त्यांत परंपरेने गरवणारे गावकरी असतात, तसेच आधुनिक रॉड आणि रीळ घेऊन आलेले हौशी तरुणही. श्रावणाच्या अखेरीपासून आश्विनाच्या प्रारंभापर्यंतचा हा काळ गळासाठी वर्षातील उत्तम काळांपैकी एक मानला जातो. त्याच वेळी तो सर्वांत धोक्याचाही असतो, आणि माशांच्या पुढील पिढीच्या दृष्टीने सर्वांत नाजूकही. या तिन्ही गोष्टी एकाच कारणसाखळीने जोडलेल्या आहेत. ती साखळी पाण्यापासून सुरू होते.

दोन प्रकारची बेटे

गोव्यातील बेटे दोन प्रकारची आहेत आणि त्यांच्याभोवतीची मासेमारीही वेगवेगळी आहे. पहिली समुद्रातील बेटे. मुरगावच्या भूशिराबाहेर ग्रांदे बेट आणि त्याच्या शेजारचे लहान बेट आहे. दक्षिणेस पाळोळे किनाऱ्याच्या उत्तर टोकाला काणकोणचे छोटे बेट आहे, तेथे पूर्ण ओहोटीला चालत जाता येते. कारवारसमोरचे अंजदीव बेट प्रशासकीयदृष्ट्या गोव्याचे असले, तरी ते नौदलाच्या ताब्यात असल्याने तेथे मासेमारीचा प्रश्न येत नाही. ही बेटे खडकाळ आहेत. त्यांच्या पायथ्याशी कपारी, मोठे धोंडे आणि काही ठिकाणी प्रवाळ आढळतात. लाट फुटून जेथे पांढरा फेस होतो, तेथे लहान मासे गोंधळतात आणि शिकारी मासे त्यांची वाट पाहत थांबतात.

दुसरी बेटे नद्यांतील. मांडवीच्या पात्रातील दिवाडी, चोडण, सांत इस्तेव आणि कुंभारजुवे ही सर्वपरिचित नावे. त्यांच्याभोवतीचे पाणी वर्षातील आठ महिने खारट असते आणि पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते. काठाला खारफुटी, आत खाजन शेते, बांधांना बसवलेली मानस आणि त्यांतून भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करणारे पाणी अशी ही व्यवस्था आहे. येथे लाटेचा जोर नसतो, प्रवाहाचा असतो. म्हणून समुद्रातील बेटाजवळ लाट वाचावी लागते, तर नदीतील बेटाजवळ ओढ वाचावी लागते.

पाण्याचे तीन थर

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग या नद्यांतून समुद्राला मिळते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते लगेच मिसळत नाही, वर तरंगत राहते. नदीच्या मुखाशी वरून तांबूस गढूळ गोडे पाणी बाहेर जात असते आणि त्याच वेळी खालून जड खारे पाणी भरतीबरोबर पाचरीसारखे आत शिरत असते. वरून पाहणाऱ्याला नदी केवळ वाहताना दिसते. खाली मात्र समुद्र आत येत असतो.

गरवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस आमिष पाण्याच्या वरच्या भागात ठेवून फारसा उपयोग होत नाही. खाऱ्या पाण्याचे मासे तळाजवळच्या थरात असतात. शिसे थोडे जड लावून आमिष खाली नेले, तर तेच ठिकाण फळ देते. पाऊस चार-पाच दिवस थांबला, ऊन पडले आणि पाणी हिरवट होऊ लागले की मासे वर येतात, तेव्हा हलके शिसे किंवा कृत्रिम आमिष चालते.

नदीचे तांबूस पाणी आणि समुद्राचे हिरवट पाणी यांची सीमा मुखाबाहेर स्पष्ट रेषेसारखी दिसते. त्या रेषेवर फेस, पालापाचोळा, नारळाच्या झावळ्या आणि खारफुटीची फळे साचतात. त्यांच्याखाली लहान मासे आसरा घेतात. शिकारी मासा बहुधा या रेषेच्या स्वच्छ बाजूस राहतो, कारण गढूळ बाजूतून अर्धवट आंधळेपणाने बाहेर पडणारी पिल्ले त्याला तेथे स्पष्ट दिसतात. रेषा भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर सरकते. तिच्याबरोबर सरकणारा गरवणारा एकाच जागी बसून राहणाऱ्यापेक्षा अधिक यशस्वी होतो.

तिसरा थर डोळ्यांना दिसत नाही, पण समुद्रातील बेटांभोवतीच्या मासेमारीत त्याचाच प्रभाव मोठा असतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि वाऱ्याच्या परिणामाने पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते. त्याची जागा घेण्यासाठी खोल समुद्रातील गार पाणी उथळ भागावर सरकत येते. या पाण्यात पोषकद्रव्ये विपुल असतात, प्राणवायू मात्र कमी असतो. वर पावसाच्या गोड्या पाण्याचे झाकण असल्यामुळे हवा खालपर्यंत पोहोचत नाही. पोषकद्रव्यांवर वाढलेले सूक्ष्म प्लवक मरून तळाशी कुजू लागते, तेव्हा उरलासुरला प्राणवायूही खर्च होतो. ऑगस्टमध्ये सुरू झालेली ही अवस्था सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वाधिक तीव्र होते आणि नंतर प्रवाहाची दिशा उलटल्यावर निवळते.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या प्रक्रियेचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७पासून नियमित मोजमापे घेतली जात आहेत. डॉ. वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील या प्राणवायूच्या तुटवड्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष या उथळ समुद्राकडे वेधले गेले.

तळाशी श्वास घेणे कठीण झाले की तळावर राहणारे मासे तेथून सरकतात. काही वरच्या थरात येतात, काही किनाऱ्यालगत, जेथे लाटा फुटून पाणी ढवळले जाते आणि हवा मिसळते. म्हणूनच या दिवसांत बाहेरच्या वीस-तीस मीटर खोलीवर तासन्‌तास तळाशी गळ ठेवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि बेटाच्या फेसाळ कडेला उथळ पाण्यात गळ टाकणाऱ्याला मात्र मासा मिळतो. किनाऱ्यालगत मासे वाढल्याचे दिसते, त्यामागे अनेकदा बाहेरची कोंडी असते. मासे संख्येने वाढलेले नसतात, एका अरुंद पट्ट्यात एकवटलेले असतात. हा भेद लक्षात ठेवणे पुढे महत्त्वाचे ठरते.

तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटीचे ढोबळ गणित कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून सुमारे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्हींना पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वा अकराच्या सुमारास. कृष्णपक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करायची. ही वेळ दुपारचीही असते आणि रात्रीचीही, कारण भरती दिवसातून दोनदा येते. दोन भरतींमध्ये साडेबारा तासांहून किंचित कमी अंतर असते, म्हणून दररोज भरती सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते.

हे गणित अंदाजापुरतेच खरे. ठिकाणानुसार त्यात फरक पडतो. नदीत आत गेल्यास भरती उशिरा पोहोचते आणि पुराचे पाणी असेल तर आणखी उशिरा. शिवाय दिवसातील दोन भरती सारख्या उंचीच्या नसतात. त्यामुळे नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचे छापील किंवा मोबाइलवरील भरतीचे तक्ते पाहावेत आणि तिथीचे गणित पडताळा म्हणून वापरावे.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. गोव्याच्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी सुमारे दोन मीटर चढ-उतार करते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि चढ-उतार बराच कमी होतो. उधाणात प्रवाह जोराचा असतो, तळाचा गाळ वर येतो, पाणी गढूळ होते. अशा वेळी मासा डोळ्यांपेक्षा वासावर आणि पाण्यातील कंपनांवर अवलंबून असतो. म्हणून ताजी सुंगटे, तारलीचा तुकडा किंवा जिवंत लहान शेवटा हे आमिष कामाचे. भांगाच्या दिवसांत ओढ मंद असते, गाळ बसतो, पाणी नितळते. तेव्हा चकाकणारे कृत्रिम आमिष उपयोगी पडते, मात्र त्याच नितळ पाण्यात जाड तंगूसही माशाला दिसतो. दोरा बारीक करावा लागतो.

दिवसातील वेळेपेक्षा पाणी हलण्याची वेळ महत्त्वाची. पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला पाणी काही काळ थबकते, तेव्हा मासेही बहुधा खाणे थांबवतात. भरतीचा शेवटचा तास आणि ओहोटीचे पहिले दोन तास हा काळ नदीमुखावर सर्वांत चांगला मानला जातो. त्यात जर पहाट किंवा तिन्हीसांज जुळून आली, तर त्याहून चांगला योग नाही. अष्टमीचे गणित पाहता त्या दिवशी भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. ओढ मंद असली तरी प्रकाशाची वेळ साधते. जाणती माणसे म्हणूनच केवळ उधाणाच्या मागे लागत नाहीत.

कोणता मासा कोठे

नदीतील बेटांजवळ जागा निवडताना पाण्याच्या वाटा पाहाव्यात. भरतीला पाणी खारफुटीत आणि खाजनांच्या नाल्यांत पसरते, तेव्हा लहान शेवटे, सुंगटे आणि पिल्ले आत जातात. ओहोटी लागली की ती सर्व एका अरुंद तोंडातून बाहेर येतात. त्या तोंडाच्या बाजूला, प्रवाहाच्या थेट मार्गात नव्हे, तर कडेच्या संथ भोवऱ्यात, चोणक आणि तांबोशी दबा धरून असतात. प्रवाहाशी झगडत राहणे माशाला परवडत नाही. तो आडोशाला थांबतो आणि वाहत येणारा घास उचलतो. पुलाचा खांब, पडलेले झाड, मोडकी जेटी, पाण्याखालचा धोंडा यांच्या मागची बाजू म्हणूनच पाहावी. आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून आडोशाकडे वाहत येऊ द्यावे.

चोणकाचे कल्ल्यावरचे झाकण धारदार असते. गळाला लागल्यावर तो उसळी मारतो आणि डोके झटकतो. त्या झटक्यात साधा दोरा कापला जातो. म्हणून गरीच्या वर हातभर जाड तंगूस जोडतात. तांबोशीची तऱ्हा वेगळी. ती आमिष घेताच कपारीकडे किंवा मुळांकडे धाव घेते. पहिल्या काही क्षणांत तिला रोखले नाही, तर दोरा घासून तुटतो. अशा जागी नाजूक साधन घेऊन जाणे म्हणजे तोंडात गरी अडकलेला मासा पाण्यात सोडून येणे होय.

समुद्रातील बेटांजवळ कपारीत गोब्रा असतो. फेसाच्या कडेने ट्रेव्हली जातीचे मासे आणि टोणकी फिरतात. सप्टेंबर पुढे सरकतो तशी तारली आणि बांगड्यांची थवेच्या थवे किनाऱ्यालगत येऊ लागतात. खालून वर आलेल्या पोषकद्रव्यांवर वाढलेले प्लवक हे त्यांचे अन्न. त्यांच्यामागे इसवण येते. टोणकी आणि इसवण यांच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही, तेथे गरीजवळ बारीक तारेचा तुकडा लागतो. बेटाच्या ज्या बाजूवर प्रवाह येऊन आदळतो, त्या बाजूस लहान मासे अधिक असतात. होडी मात्र वाऱ्याच्या आणि लाटेच्या आडोशाला ठेवून तेथून कडेकडेने गळ टाकणे शहाणपणाचे. नांगर टाकताना दोर नेहमी होडीच्या नाळेकडून सोडावा, मागून कधीही नाही. मागून बांधलेली होडी लाटेला पाठ देते आणि पाणी आत घेते.

गळाला नको असलेले मासेही लागतात. केंड त्यांतला एक. फुगणारा हा मासा विषारी असतो आणि शिजवल्याने ते विष जात नाही, म्हणून तो खाऊ नये. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूच्या परांचा काटा, तसेच पाकटाच्या शेपटीचा काटा लागला की तीव्र वेदना होतात. अशा वेळी तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्यास वेदना कमी होतात, कारण उष्णतेने त्या विषाचा जोर ओसरतो. त्यानंतर डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच. कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात मगरींचा वावर आहे. तेथे पाण्यात उतरून गरवणे, काठावर मासे साफ करणे किंवा रात्री पाण्याच्या अगदी कडेला बसणे टाळलेच पाहिजे.

खडकावर उभे राहण्यापूर्वी

ऑगस्ट-सप्टेंबरमधील समुद्राचा सर्वांत फसवा गुण म्हणजे त्याची अधूनमधूनची शांतता. पावसाने उघडीप दिली, वारा पडला आणि ऊन पडले की समुद्र निवळल्यासारखा वाटतो. पण दूर अरबी समुद्रात किंवा त्याहूनही दूर उठलेल्या लाटा वाऱ्याशिवाय येत राहतात. त्या लांब अंतराने येतात, गटागटाने येतात. दहा-पंधरा मिनिटे खडक कोरडा राहतो आणि मग तीन-चार मोठ्या लाटा एकामागून एक त्यावरून जातात. पावसाळ्यात खडकांवर शेवाळ माजलेले असते. गुडघाभर पाण्याचा लोंढाही माणसाचे पाय उचलण्यास पुरेसा होतो.

यावर उपाय साधा आहे, पण त्याला संयम लागतो. पोहोचताच गळ सोडू नये. वीस मिनिटे उंचावर उभे राहून समुद्र पाहावा. खडक कोठपर्यंत ओला आहे, शेवाळाची हिरवी रेषा कोठे संपते, सर्वांत मोठी लाट कोठवर चढते, हे पाहून त्याच्याही वर उभे राहण्याची जागा ठरवावी. परतीची वाट भरतीत बुडणार नाही ना, हे तक्त्यावरून तपासावे. काणकोणच्या बेटासारख्या ठिकाणी ओहोटीला चालत गेलेला माणूस मासा लागण्याच्या नादात भरतीत अडकू शकतो. एकट्याने जाऊ नये, जीवरक्षक जाकीट घालावे, घरी ठिकाण आणि परतण्याची वेळ सांगून निघावे. मासा खाली खेचत असेल आणि लाट येत असेल, तर रॉड सोडून द्यावा. साधन पुन्हा घेता येते.

होडीवाल्यांसाठी नदीमुखांचे दांडे हा वेगळा धोका आहे. पावसाळ्यात मुखाशी वाळू साचते. मांडवीच्या मुखावरील आग्वादचा दांडा या बाबतीत प्रसिद्ध आहे. खनिजवाहू बार्जेसनाही पावसाळ्यात हा मार्ग टाळून कुंभारजुवे कालव्यातून जुवारीकडे जावे लागत असे. ओहोटीचे वेगवान पाणी बाहेर जात असताना समोरून लाट आली की दांड्यावर ती उभी राहते आणि फुटते. म्हणून लहान होडीने दांडा ओलांडायचा असेल, तर तो भरती येत असताना किंवा पाणी थबकलेले असताना ओलांडावा, उतरत्या ओहोटीत कधीही नाही.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देते, आणि हवामान खाते मच्छीमारांसाठी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध करते. निघण्यापूर्वी दोन्ही पाहणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सर्वसाधारण आपत्कालीन ११२ हे क्रमांक उपयोगी पडतात.

सहज सापडणारा मासा

आता मूळ प्रश्न. या दिवसांत नदीमुखावर मोठा चोणक सापडतो, तो तेथे का येतो?

रायगडच्या बाजूला ज्याला जिताडा म्हणतात, तोच हा मासा. तो आयुष्याचा मोठा भाग निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यात काढतो, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला समुद्राच्या खारटपणाची गरज असते. पावसाळ्यात नद्या भरल्या की मोठे चोणक खाली मुखाकडे सरकतात. तेथे त्यांचे मीलन होते. अंड्यांतून निघालेली पिल्ले भरतीबरोबर पुन्हा आत, खारफुटी आणि खाजनांच्या नाल्यांत जातात. तेथे अन्न भरपूर असते आणि मोठे शत्रू कमी.

चोणकाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तो जन्मतः नर म्हणून वाढतो. तीन-चार वर्षांचा झाल्यावर नर म्हणून प्रजननक्षम होतो आणि त्यानंतर काही वर्षांनी त्याचे रूपांतर मादीत होते. म्हणजेच लहान चोणक बहुतेक नर आणि आठ-दहा किलोंच्या पुढचे चोणक बहुतेक माद्या. एक मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. गळाला लागलेला सर्वांत मोठा चोणक, ज्याचे छायाचित्र सर्वांत अभिमानाने काढले जाते, तो बहुधा अनेक वर्षे जगून नुकतीच मादी झालेली किंवा अंडी घालण्याच्या बेतात असलेली मासळी असते. तिला काढून घेतले, तर तिची जागा भरायला दुसऱ्या नराला तितकी वर्षे जगावे लागते.

गोब्र्याच्या बाबतीत हेच चक्र उलट फिरते. बहुतेक गोब्रे आधी माद्या असतात आणि वयाने वाढल्यावर त्यांतील काही नर होतात. बेटाच्या एखाद्या कपारीतून मोठे गोब्रे सतत काढले गेले, तर तेथे माद्या उरतात आणि नर कमी पडतात. शिवाय गोब्रा सावकाश वाढतो आणि आपली कपार सहसा सोडत नाही. एकदा रिकामी झालेली जागा लवकर भरत नाही.

यंत्रनौकांवर ६१ दिवसांची बंदी घालण्यामागे प्रजननकाळाचे रक्षण हाच हेतू आहे. परंतु चोणकाचा प्रजननकाळ ३१ जुलैला संपत नाही आणि गळाच्या मासेमारीला ती बंदी लागूही नाही. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव आहे. या पट्ट्यातच नदीमुखे आहेत आणि बेटांभोवतीचे बरेचसे उथळ पाणीही. बाहेर प्राणवायूच्या अभावाने मासे याच पट्ट्यात एकवटतात, आतून प्रजननासाठी चोणक याच पट्ट्यात येतो आणि ट्रॉलरना मज्जाव असल्याने गळाची गर्दीही याच पट्ट्यात होते. मासे मुबलक असल्याचा भास आणि मासे अत्यंत असुरक्षित असल्याची वस्तुस्थिती येथे एकाच वेळी खरी असते.

याचा अर्थ गळ टाकूच नये असा नाही. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे, त्यांच्यासाठी एक मोठा चोणक म्हणजे चार दिवसांचा खर्च, तोही चवथीच्या तोंडावर. श्रावणात ज्या घरांत मासळी वर्ज्य असते, त्या घरांतून चवथीनंतर मागणी वाढते आणि चोणकाला चांगला भाव मिळतो. त्या कुटुंबांना उपदेश करण्याचा अधिकार हौशी गरवणाऱ्याला नाही. मात्र ज्याच्यासाठी हा छंद आहे, त्याला निवड करता येते. दोन-तीन किलोंचा मासा घरी न्यावा, त्याहून फार मोठा सोडून द्यावा आणि लहान पिल्लू तर सोडावेच, एवढा नियम स्वतःपुरता पाळणे कठीण नाही.

सोडलेला मासा जगावा यासाठीही काळजी लागते. आतल्या बाजूस वळलेली वाटोळी गरी वापरल्यास ती सहसा जबड्याच्या कोपऱ्यात अडकते, पोटात जात नाही. मासा फार वेळ दमवू नये. हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. जड माशाला केवळ जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवू नये, दुसरा हात पोटाखाली असावा. छायाचित्र काढायचे असेल, तर ते माशाला पाण्याजवळ ठेवून काही क्षणांत उरकावे. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात धरावे, कल्ले नीट हलू लागेपर्यंत. तो स्वतःहून निसटला की समजावे, काम झाले.

खाजनांच्या मानसांवर बारीक जाळी लावून ओहोटीला सर्व काही गाळून घेण्याची पद्धत या हंगामात आणखी हानिकारक ठरते. मानशीचे लिलाव आणि त्यांवरील मासेमारीचा हक्क ही गावांची जुनी व्यवस्था आहे आणि तिच्यावर अनेकांचा उदरनिर्वाह चालतो. परंतु मुखावर अंडी घातली जातात आणि पिल्ले वाढतात खाजनांत, हे लक्षात घेतले, तर जाळ्याचे डोळे थोडे मोठे ठेवणे हे त्याच गावाच्या पुढील चार-पाच वर्षांच्या मासळीचे रक्षण ठरते. गोव्याने राज्यमासा म्हणून मान दिलेला शेवटाही याच नाल्यांत लहानाचा मोठा होतो.

ऑक्टोबरच्या मध्यास पाऊस परततो. नद्यांचे पाणी नितळते, खारटपणा पुन्हा आतपर्यंत पोहोचतो आणि मोठे चोणक मुखावरून पांगतात. तोपर्यंतचे हे आठ-दहा आठवडे तिथी मोजण्याचे, लाट पाहण्याचे आणि हाती आलेल्या माशाचे वजन दोनदा विचारात घेण्याचे आहेत. एकदा तो किती किलोंचा आहे म्हणून, आणि एकदा तो पाण्यात राहिला तर पुढच्या पावसाळ्यात त्याच मुखावर किती पिल्ले येतील म्हणून.